जणू

मी आवाजाचं काम करते. ध्वनिपुस्तकं वाचते. लहानशी बंद खोली, समोर माइक, कानांवर हेडफोन आणि काचेपलीकडे बसलेला रेकॉर्डिस्ट. स्वतःचाच आवाज रोज चार-पाच तास कानात ऐकायचा, त्यामुळे त्याचं कौतुकही कधीच संपलेलं आणि लाजही.

त्या दिवशी एका कादंबरीचं सातवं प्रकरण चालू होतं. वाक्याच्या मध्यावर मला ऐकू आलं की कुणीतरी बाई वाचतेय. बरी वाचत होती. श्वास कुठे चोरायचा ते तिला कळत होतं, स्वल्पविराम खात नव्हती. मी ऐकत राहिले. मग लक्षात आलं की ओठ माझे हलताहेत. पान उलटणारा हात दिसला. त्याच्या अंगठ्याजवळ सकाळीच सुरी लागल्याची बारीक रेघ होती. ती माझी आहे हे मला ठाऊक होतं. पण नुसतं ठाऊक होतं, वाटत नव्हतं. प्रकरण संपलं, काचेपलीकडून अंगठा वर झाला. "एक नंबर! रिटेक नको."

पुढचे सात महिने ती बाई गेली नाही. किंवा मी आले नाही, कसंही म्हणा. फोनवर हसले तर हसू ऐकू यायचं, हसल्यासारखं वाटायचं नाही. समोरची झाडं, माणसं, जिना, सगळं जागच्या जागी, पण चित्रातल्यासारखं सपाट. दात घासताना आरशातल्या चेहऱ्याकडे मी प्रवासात समोरच्या बाकावरच्या माणसाकडे पाहावं तशी पाहायचे. दुःख म्हणावं तर तेही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, निदान काहीतरी झाल्यासारखं वाटलं असतं. आणि या सात महिन्यांत मी तीन पुस्तकं वाचून हातावेगळी केली. कुणाला काडीचा पत्ता लागला नाही.

त्याआधी घरात मोठं आजारपण होऊन गेलं होतं, महिनोन्महिने झोप नव्हती. त्याबद्दल इथे लिहायचं नाहीये.

आधी कानाच्या डॉक्टरांकडे गेले, कारण तक्रार आवाजाची होती. मग रक्त, थायरॉइड. मग ईईजी, कारण मेंदूच्या टेम्पोरल लोबमधून उठणाऱ्या फेफऱ्यातही माणसाला असं परकं वाटू शकतं. ती तपासणी योग्यच होती, आज कळतं. सगळं नॉर्मल. "टेन्शन घेऊ नका," हे तिन्ही ठिकाणी फुकट मिळालं. चौथ्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ बाई होत्या.

"काचेमागे असल्यासारखं वाटतं," मी म्हणाले.

"काच दिसते तुम्हाला?"

"नाही हो. काच मला चांगली माहितीये, रोज एका काचेमागेच बसते मी. ही तसली नाही. जणू काच."

त्यांनी मान वर केली. "काय म्हणालात?"

"जणू काच."

त्यांनी ते लिहून घेतलं. सगळा कागद इंग्रजीत, त्या डॉक्टरी गिचमिडीत, आणि मधेच देवनागरीत ‘जणू’. खाली रेघ.

मला तेव्हा त्या रेघेचा अर्थ कळला नाही. माझ्या आजाराचं नाव डीपर्सनलायझेशन-डीरिअलायझेशन. स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं आणि जग खोटं वाटणं, अशी त्याची दोन टोकं. कुणाला एक होतं, कुणाला दोन्ही. त्याचं सगळं निदान या दोन अक्षरी शब्दावर उभं असतं. माणूस "हे हात माझे नाहीतच" म्हणाला तर वाट वेगळी, आणि "जणू माझे नाहीत" म्हणाला तर वेगळी. दुसऱ्या माणसाला पक्कं ठाऊक असतं की हात त्याचेच आहेत, तो वेडा झालेला नाही, जग जिथल्या तिथे आहे. नेमकं हेच ठाऊक असल्यामुळे त्याला वाटत राहतं की आपण वेडे होत चाललो आहोत. स्किझोफ्रेनियात हे ‘जणू’ गळून पडतं. आवाज येतात ते येतातच. तरीही आपल्याकडे स्किझोफ्रेनियाला सर्रास ‘दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व’ म्हणतात, आणि एका अंगात दोन माणसं असा त्याचा अर्थ लावतात. याचं मूळ त्या नावातच आहे. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये ते घडवलं, ग्रीकमधून, ‘फाटलेलं मन’ अशा अर्थाने. त्यांना म्हणायचं होतं की विचार, भावना, इच्छा यांचा एकमेकांशी असलेला सांधा सुटतो. लोकांनी मात्र दोन माणसं घेतली ती घेतलीच. एका देहात अनेक ओळखी हा प्रकार दुसऱ्याच घराण्यातला. माझा आजारही त्याच घराण्यातला, पण गरीब नातेवाईक.

त्या घराण्याचं नाव डिसोसिएशन. मराठीत याला विघटन वगैरे प्रतिशब्द आहेत, पण बोलीत आपण जे म्हणतो ते मला जास्त जवळचं वाटतं: भान जाणं, भानावर नसणं, मन थाऱ्यावर नसणं, ‘मी माझ्यात नव्हते’. आठवण, ओळख, जाणीव, हालचाल यांची जी सहज गुंफण आपण ‘मी’ म्हणून धरून चालतो, तिच्यातला एखादा धागा सुटा होणं. थोडंफार सगळ्यांचंच होतं. १९८६ मध्ये अमेरिकेत ईव्ह बर्नस्टाइन आणि फ्रँक पुटनम यांनी २८ प्रश्नांची एक मोजपट्टी तयार केली, ती आजही वापरली जाते. प्रत्येक अनुभव किती टक्के वेळा येतो ते शून्य ते शंभरात लिहायचं. बाईंनी ती माझ्यापुढे ठेवली. पहिलाच प्रश्न असा: गाडीतून जाताना मधल्या रस्त्यात काय झालं ते आठवतच नाही, असं होतं का? मला हसू आलं, हे कुणाचं होत नाही? पुढे प्रश्न खोल उतरत जातात. न ओळखीच्या वस्तू स्वतःच्या सामानात सापडणं, आरशातला चेहरा ओळखू न येणं. शेवटचा, २८वा: माणसं आणि वस्तू धुक्यातून पाहिल्यासारख्या दूर, अस्पष्ट दिसतात का? पहिला प्रश्न सगळ्या जगाचा आणि शेवटचा माझा. तो वाचून मी पेन खाली ठेवलं. हे छापलेलं आहे, म्हणजे आधी कुणीतरी सांगितलंय, एवढंच डोक्यात आलं.

पुढे मी यावर बरंच वाचलं. आजारी माणसाने स्वतःच्या आजारावर वाचू नये म्हणतात, ते मी ऐकलं नाही. वाचताना एक गोष्ट टोचत राहिली. या आजारांचा जवळजवळ सगळा इतिहास बघ्यांच्या बाजूने लिहिलेला आहे.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को नावाचे मज्जासंस्थेचे नामवंत डॉक्टर हिस्टेरियाच्या रुग्णांना संमोहित करून भर सभागृहात दाखवत. बाई कमानीसारखी वाकते, हात लुळा पडतो, समोर डॉक्टरांची गर्दी. १८८७ सालच्या एका गाजलेल्या तैलचित्रात असंच एक दृश्य आहे. त्यात बाई सगळ्यांच्या नजरेसमोर आहे आणि बोलतोय एकटा शार्को. याच काळात ल आव्र गावात तत्त्वज्ञान शिकवणारा पिएर जाने नावाचा तरुण मास्तर रुग्णांजवळ बसून तासन्‌तास टिपणं काढत होता. १८८९ च्या प्रबंधात त्याने मांडलं की मनाचे काही भाग मुख्य जाणिवेपासून सुटून आपापलं काम करत राहू शकतात, आणि बऱ्याचदा यामागे सहन न झालेला एखादा प्रसंग असतो. आजची बरीचशी समज त्याच्या त्या टिपणांवर उभी आहे. पण फ्रॉइडचा बोलबाला झाला आणि जाने अडगळीत पडला, तो थेट १९७० नंतर लोकांना पुन्हा आठवला.

दाखवण्याजोगी आणखी एक गोष्ट म्हणजे ॲन्सल बोर्न. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये राहणारा प्रवचनकार, मूळचा सुतार. १७ जानेवारी १८८७ ला त्याने बँकेतून ५५१ डॉलर काढले आणि तो नाहीसा झाला. पेनसिल्व्हेनियातल्या नॉरिसटाउन गावात ए. जे. ब्राउन नावाच्या माणसाने एक लहान दुकान भाड्याने घेतलं; कागद, मिठाई, फळं असं किरकोळ सामान. शांत माणूस, कुणाला काही वावगं वाटलं नाही. १४ मार्चला पहाटे तो घाबरून उठला आणि त्या घरातल्या लोकांना विचारू लागला, मी कुठे आहे? मी बोर्न, ब्राउन कोण? दुकानाचं नाव काढलं तर त्याला काहीच माहीत नाही. त्याच्या लेखी बँकेत जाणं ही कालची गोष्ट होती. तीन वर्षांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने त्याला संमोहित केलं तेव्हा ब्राउन बोलला, त्या दोन महिन्यांचा हिशोबही दिला, पण बोर्नला तो ओळखत नव्हता. दोघांना एकत्र आणणं जेम्सला जमलं नाही.

ही कथा सगळे सांगतात, मीही सांगितली. पण मला राहून राहून ती दोन महिन्यांची गिऱ्हाइकं आठवतात. रोज फळं घेऊन जाणारी. दुकानदार व्यवस्थित सुटे पैसे परत देतोय. बाहेरून दिसण्यासारखं काही नव्हतंच.

अशा भरकटण्याला ‘फ्यूग’ म्हणतात, फ्रेंचमधून आलेला शब्द, अर्थ पलायन. निदानाच्या पुस्तकात तो बरीच वर्षं स्वतंत्र खोलीत राहत होता. २०१३ मध्ये त्याला डिसोसिएटिव्ह ॲम्नेशियाच्या, म्हणजे स्मृतिलोपाच्या, पोटात घातलं. कारण साधं आहे. मूळ दुखणं विसरण्याचं. माणूस गाव सोडून जातो ते कधीमधी, विसरतो मात्र नेहमी. पण जाणं दिसतं, विसरणं दिसत नाही. म्हणून सव्वाशे वर्षं नाव जाण्याला मिळालं.

हे निदानाचं पुस्तक म्हणजे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचं डीएसएम. १९५२ च्या पहिल्या आवृत्तीत डिसोसिएशन ही एक ‘प्रतिक्रिया’ होती, १९६८ च्या दुसरीत तो हिस्टेरियाचा एक उपप्रकार झाला. १९८० च्या तिसरीत हिस्टेरियाचं जुनं घर पाडलं गेलं आणि डिसोसिएटिव्ह विकारांना स्वतःचं प्रकरण मिळालं. त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव, बहुव्यक्तिमत्त्व विकार.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं, आणि बघितलं म्हणूनच झालं असं मला वाटतं. १९७३ मध्ये १६ व्यक्तिमत्त्वं असलेल्या एका बाईची कहाणी पुस्तकरूपाने आली, तीन वर्षांनी ती टीव्हीवर आली. तोवर जगभराच्या वैद्यकीय साहित्यात मिळून अशा रुग्णांची नोंद मोजकीच होती; पुढे ती हजारांत गेली. एकेका रुग्णातल्या व्यक्तिमत्त्वांची संख्याही वाढत गेली. काही डॉक्टर संमोहन घालून नवनव्या ‘व्यक्तीं’ना नाव घेऊन बोलवत होते. विसरलेले अत्याचार आठवू लागले. त्यातले काही खरे होते, काही उपचारांतच तयार झालेले. १९९० च्या दशकात हे कोर्टात गेलं. एलिझाबेथ लॉफ्टससारख्या संशोधकांनी दाखवून दिलं की सुचवत राहिलं तर न घडलेली गोष्टही माणसाला लख्ख आठवू शकते. त्या १६ व्यक्तिमत्त्वांच्या कहाणीवरही पुढे गंभीर शंका घेतल्या गेल्या. या भांडणात एक बाजू म्हणते की हा आजार बालपणीच्या भीषण आघातातून येतो, दुसरी म्हणते की तो सूचना, समजुती आणि उपचारांतून घडतो. मला विचाराल तर आघाताच्या बाजूचा पुरावा जड वाटतो. पण त्या काळातल्या काही उपचारकांनी जो तमाशा मांडला त्याची किंमत खऱ्या रुग्णांनी मोजली, हेही तितकंच खरं. आजही यातला एखादा रुग्ण दवाखान्यात गेला की समोरच्याच्या कपाळावर आधी आठी पडते.

१९९४ च्या चौथ्या आवृत्तीत बहुव्यक्तिमत्त्व विकाराचं नाव बदललं: डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर. नुसती पाटी बदलली म्हणून लोक हसले. त्या बदलामागे असलेले डेव्हिड स्पीगल यांचं म्हणणं मात्र मला फार मोलाचं वाटतं. या माणसांची अडचण एकापेक्षा जास्त व्यक्तिमत्त्वं असण्याची नसते, एकसुद्धा पुरतं नसण्याची असते, अशा अर्थाचं ते बोलले होते. मोजणी संपली. सोळा की सतरा हा प्रश्नच बाद झाला.

पण ज्या बदलासाठी हा सगळा लेख लिहायला घेतला तो २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत आहे, आणि बातमीत कुठे आला नाही. ओळख तुटल्याच्या खुणा इतरांनी पाहिलेल्या असोत किंवा रुग्णाने स्वतः सांगितलेल्या असोत, असं तिथे लिहिलं. बस, एवढंच. याआधी डॉक्टरच्या खुर्चीसमोर एक जण जाऊन दुसरा येण्याची, आवाज बदलण्याची अपेक्षा अध्याहृत होती. प्रत्यक्षात बहुतेक रुग्ण हे सगळं जिवापाड लपवतात. आठवणीतली भोकं ते हसून, थाप मारून, डायरी ठेवून बुजवत असतात. पुटनम आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्येच शंभर रुग्णांची पाहणी करून नोंदवलं होतं की पहिल्यांदा उपचारांना आल्यापासून खरं निदान होईपर्यंत सरासरी सहा-सात वर्षं जातात. याच आवृत्तीने आणखी एक केलं. विसरणं फक्त भयंकर प्रसंगांचं असायला हवं ही समजूत सोडली. काल दुपारी आपण कुठे होतो हे न आठवणंही त्यात धरलं. आणि काही समाजांत हा अनुभव अंगात येण्यासारखा सांगितला जातो, हेही मान्य केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी या रोगांच्या यादीची ११वी आवृत्ती, २०२२ पासून लागू झालेली, अंगात येण्याच्या विकाराला वेगळं नाव देते. पण धार्मिक किंवा सांस्कृतिक चौकटीत, स्वीकारलेल्या रीतीने होणारं अंगात येणं ती आजार धरत नाही. ते अनिच्छेने, नको असताना, आयुष्य मोडून टाकत होत असेल तरच. म्हणजे इथेही शेवटी त्याच माणसाला विचारायचं: तुला हे हवंय का?

माझ्या आजाराचं नाव तर मुळातच कुणी पाहून ठेवलेलं नाही. जिनिव्हाचा एक प्राध्यापक, आंरी आमिएल, आयुष्यभर रोजनिशी लिहीत होता, हजारो पानं. १८८० मध्ये त्याने लिहिलं की मला सगळं थडग्याच्या पलीकडून पाहिल्यासारखं परकं वाटतं, मी डीपर्सनलाइझ झालो आहे. पुढच्या वर्षी तो वारला. १८९८ मध्ये ल्युदोविक द्युगा यांनी शास्त्रात तो शब्द आणला, तो आमिएलच्याच डायरीतून उचलून. ना संमोहन, ना सभागृह. एका माणसाने एकट्याने बसून आपल्याला काय वाटतं ते लिहिलं. मग हा आजारही बिऱ्हाडं बदलत राहिला. आयसीडीच्या १०व्या आवृत्तीने त्याला डिसोसिएशनच्या घरात घेतलंच नव्हतं, ‘इतर’मध्ये बसवला होता. ११वीत घरात घेतलं.

औषध? खास या आजारावर मान्यता मिळालेलं औषध नाही. बोलून करायचे उपचार असतात, आणि ते कंटाळवाणे असतात. बाईंनी मला समजावलं की जीवावर बेतलं की मेंदू भावनांचा आवाज खाली करतो. आल्प्समधून कोसळून वाचलेल्या गिर्यारोहकांचे अनुभव आल्बर्ट हाइम या स्विस भूगर्भशास्त्रज्ञाने १८९२ मध्येच छापले होते, तो स्वतःही पडला होता. वेळ संथ झाली, भीती वाटली नाही, असंच बहुतेकांनी सांगितलं. पडताना हे बरं असतं. अडचण पडून झाल्यावरही तो आवाज खालीच राहण्याची.

आणि तो खाली राहायला मीच मदत करत होते. उठल्याबरोबर बघायचं: आलं का परत? आरशात बघायचं, हात चिमटायचा, वाक्य मोठ्याने म्हणून ऐकायचं. दिवसाला पन्नास वेळा. बाई म्हणाल्या, "जखमेवरची खपली सारखी उचलून बघताय तुम्ही." तपासणं थांबवायचं, एवढाच अभ्यास होता. आवाज परका वाटला तर वाटू दे, वाक्य पुरं कर. फार अवघड गेलं. एके दिवशी भांडी विसळताना पाणी फार गरम आलं आणि मी ओरडले. मग लक्षात आलं की ओरडले ती मी होते. मी ते तपासलं नाही. पुढचं भांडं घेतलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात स्टुडिओत जुन्या फायली चाळताना त्या सात महिन्यांतली तीन पुस्तकं सापडली. न तपासण्याचा नेम मोडून मी सातवं प्रकरण लावलं. हेडफोन घट्ट दाबून, डोळे मिटून ऐकलं. ते वाक्य कुठे असेल, मी कुठे निसटले असेन, ती बाई कुठे सुरू झाली असेल. दोनदा ऐकलं. मग रेकॉर्डिस्टला काचेतून खूण केली. तो तोच आहे, फक्त केस पिकलेत. म्हटलं, हे ऐक आणि कुठे काही वेगळं वाटतं का सांग.

त्याने नीट कान देऊन ऐकलं. तो आवाजातला माणूस, तीन घरांपलीकडचा पंखा त्याला माइकमध्ये ऐकू येतो.

"काय वेगळं?" तो म्हणाला. "तूच आहेस ना?"